उसने रायडर, उसनी मैदानं: ब्रिटिश लीग स्पीडवेचं परीक्षण

शर्यत एक नंबर, लीग खिळखिळी. ब्रिटनमधल्या लीग स्पीडवेबद्दल, म्हणजे डर्ट ट्रॅकवर संघासंघांत होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींबद्दल, ज्याला एका ओळीत उत्तर हवं आहे त्याने इथेच थांबायला हरकत नाही. पण मँचेस्टर, लेस्टर, शेफील्ड, इप्सविच या भागात राहणाऱ्या मराठी माणसाने तिकिटाचे साधारण २० ते २५ पौंड इथे घालावेत का, आणि ही लीग पुन्हा उभी करायची तर नेमके कुठले नट आवळायला हवेत, हे समजून घ्यायचं असेल तर पुढे वाचा.

आधी पैसे देऊन मिळतं काय ते पाहू. पुण्या-कोल्हापूरकडे डर्ट ट्रॅक म्हटलं की सुपरक्रॉसच्या उड्या आठवतात. इथे त्यातलं काही नाही. सपाट, अंडाकृती ट्रॅक, त्यावर दगडाच्या बारीक चुऱ्याचा थर, ज्याला इथे शेल म्हणतात. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. गाडीला ५०० सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीतच. वळण आलं की मागचं चाक सरकू द्यायचं, हँडल उजवीकडे फिरवायचं आणि डाव्या बुटाखालचा स्टीलचा तळ जमिनीला घासत गाडी डावीकडे काढायची. वेग कमी-जास्त करायला हातात फक्त थ्रॉटल. अशी एक शर्यत, म्हणजे हीट, मिनिटभरात खलास. हे प्रत्यक्ष पाहणं आणि पडद्यावर पाहणं यात फार अंतर आहे. पहिल्या वळणाच्या कठड्याशी उभं राहिलं तर शेलचा फवारा तोंडावर येतो आणि चौघं एकाच जागेसाठी कशी घुसतात ते दिसतं.

लीगचा सामना १५ हीटचा. संघात सात जण, प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोघे-दोघे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. म्हणजे हीटमागे सहा आणि सामन्यात ९० गुण. ४६ झाले की जिंकलात. यजमानांची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी, त्यामुळे नवख्यालाही पहिल्या दोन हीटमध्ये हिशेब कळतो. दोघा साथीदारांनी पहिला-दुसरा नंबर काढला तर ५-१. असे दोन ५-१ लागोपाठ बसले की आठ गुणांची आघाडी तिथल्या तिथे पुसली जाते. रचना म्हणून यात खोट काढायला जागा नाही. १९२९ पासून लीगचा हा गाभा टिकून आहे तो उगीच नाही.

मग गर्दी का आटली? पहिलं कारण अगदी साधं आहे. १५ हीट म्हणजे प्रत्यक्ष शर्यत जेमतेम १५ मिनिटं, आणि संध्याकाळ जाते दोन तासांच्या वर. मधला वेळ कुठे जातो ते एकदा घड्याळ लावून बघावं. ट्रॅक्टर फिरतो, पाण्याचा टँकर फिरतो, कोणी स्टार्टला आडवी लावलेली टेप सुटायच्या आधी हलला म्हणून स्टार्ट पुन्हा, कोणी पडला म्हणून लाल दिवा आणि हीट पुन्हा, मग मध्यंतर, मग पुरस्कर्त्यांची नावं. यातलं ट्रॅक्टरचं काम टाळता येत नाही; बाकीचं बऱ्यापैकी आटोक्यात येतं. नियमांत दोन मिनिटांचं घड्याळ आहेच, रेफरीने बटण दाबलं की रायडरने तेवढ्या वेळात टेपपाशी यायचं. गोम आहे ती बटण उशिरा दाबण्यात. आधीची हीट संपल्याबरोबर घड्याळ आपोआप सुरू करावं, ट्रॅक्टर फक्त चौथ्या, आठव्या आणि बाराव्या हीटनंतर आत घ्यावा, आठव्यानंतरच्या थांब्यालाच मध्यंतर म्हणावं. सगळा सामना ८० मिनिटांत बसतो. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ३० सेकंदांच्या चढाईचं घड्याळ प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर टांगलं. इथेही तेच करायचं आहे. घड्याळ पिट्समध्ये नको, मोठ्या फलकावर हवं.

पण वेळ हा वरवरचा आजार आहे. प्रेक्षक घरी बसला तो संघ आपला वाटेनासा झाला म्हणून. मुख्य तक्रार हीच, आणि ती समजायला इथल्या नियमांत थोडं शिरावं लागतं.

प्रत्येक रायडरची एक सरासरी असते. मिळवलेले गुण अधिक बोनस गुण, भागिले हीटची संख्या, गुणिले चार. बोनस गुण मिळतो तो प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवून आपल्याच साथीदाराच्या लगोलग मागे आल्याबद्दल. संघाच्या गुणफलकावर तो धरत नाहीत, सरासरीत धरतात. समजा एकाने २८ हीटमध्ये ५० गुण आणि ६ बोनस मिळवले. ५६ भागिले २८ म्हणजे २, गुणिले ४ म्हणजे त्याची सरासरी ८. हंगामाआधी संघ बांधताना सातही जणांच्या सरासरीची बेरीज ठरवलेल्या मर्यादेच्या आत बसवावी लागते. हेतू चांगला, की श्रीमंत क्लबने सगळे तगडे रायडर गोळा करू नयेत.

आता याची दुसरी बाजू बघा. समजा मर्यादा ४० आहे आणि क्लबने बरोबर ४० वर संघ बांधला. पोरं वर्षभर चांगली चालली, दोघा तरुणांनी प्रगती केली, क्लब जिंकला, आणि हंगामाअखेर तीच बेरीज ४४ झाली. पुढच्या वर्षी मर्यादा पुन्हा ४० च. म्हणजे चार गुणांचा माणूस काढा नाहीतर वरचा एक विकून खालचा आणा. जिंकल्याची शिक्षा संघ मोडणं! ज्या पोराला लोकांनी १७ व्या वर्षापासून टाळ्या वाजवून मोठं केलं तो सुधारला म्हणूनच जातो. याच्या उलटही घडतं. ज्याची सरासरी घसरली आहे पण मनगटात दम शाबूत आहे असा जुना खेळाडू व्यवस्थापकांना सर्वांत आकर्षक वाटतो, कारण तो कागदावर स्वस्त पडतो. अशा माणसाला राखीव जागेवर बसवलं की जास्तीच्या हीट देऊन त्याच्याकडून सामना फिरवता येतो. म्हणजे वाईट खेळण्यालाच भाव येतो.

उपाय मर्यादा काढून टाकण्याचा नाही. ती काढली तर दोन वर्षांत चारच क्लब उरतील. उपाय सवलतीचा आहे. एकाच क्लबकडे सलग तिसरं वर्ष असलेल्या रायडरची सरासरी संघबांधणीपुरती दहा टक्के कमी धरावी, पाचव्या वर्षापासून वीस टक्के. क्लबच्या स्वतःच्या शाळेतून आलेल्या पोराला ही सवलत पहिल्या दिवसापासून द्यावी. वरच्या उदाहरणात आठ सरासरीचा पाच वर्षं टिकलेला गडी मग ६.४० ला बसतो आणि संघ मोडावा लागत नाही.

दुसरं दुखणं पाहुण्या रायडरचं. मुख्य रायडर जखमी झाला की त्याच्याइतक्याच किंवा कमी सरासरीचा रायडर दुसऱ्या क्लबकडून एका सामन्यापुरता आणता येतो. गेल्या आठवड्यात ज्याने तुमच्या संघाला धूळ चारली तोच आज तुमचा जर्सीवजा अंगरखा घालून उभा. त्याच्यासाठी ओरडायचं कसं? त्यात वरच्या आणि खालच्या दोन्ही लीगमध्ये एकच रायडर दोन क्लबांकडून खेळतो, त्यामुळे एक हाड मोडलं की दोन संघ लंगडे होतात आणि दोन पाहुणे शोधावे लागतात. बाहेरच्याला हे समजावताना लाज वाटते, आणि समजावता आलं नाही की तो दुसऱ्यांदा येत नाही.

पाहुणे एका रात्रीत बंद करा असं म्हणणाऱ्यांनी मात्र आकडे बघावेत. वरच्या लीगमध्ये, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये, सात क्लब धरले तरी ४९ रायडर लागतात, खालच्या चॅम्पियनशिपचे वेगळेच. तेवढे दर्जेदार आणि मोकळे रायडर ब्रिटनमध्ये नाहीत. बहुतेकांना मोबदला गुणांवर मिळतो, त्यामुळे महिन्यात जितके सामने जास्त तितकं पोट भरतं. प्रीमियरशिप सोमवार-गुरुवारला धरून बसली आहे तीही याच गणितामुळे. मंगळवारी स्वीडन, बुधवारी डेन्मार्क, शुक्रवारी आणि रविवारी पोलंड, शनिवारी ग्रां प्री, म्हणजे जागतिक विजेतेपदाची मालिका. चांगला रायडर आठवडाभर विमानात आणि व्हॅनमध्ये असतो. म्हणून बदल पायरीने हवा. आधी एकाच लीगमधल्या प्रतिस्पर्ध्याकडून पाहुणा घेणं बंद करावं. मग प्रत्येक क्लबने सातऐवजी नऊ जणांची यादी हंगामाआधी जाहीर करावी, जास्तीचे दोघे खालच्या लीगमधले आणि त्यांचं नाव वर्षभर त्याच क्लबशी जोडलेलं. मुख्य रायडर पडला तर या नऊतूनच भरायचं, नाहीतर रायडर रिप्लेसमेंट, म्हणजे गैरहजर माणसाच्या हीट आपल्याच बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. ही सोय नियमांत आजही आहे. थोडा दुबळा झालेला आपला संघ लोक सहन करतात. उसना संघ करत नाहीत.

आता ट्रॅक. इथे प्रेक्षकाची फसवणूक सर्वांत सहज होते, कारण खराब ट्रॅकवरही सामना पार पडतो आणि निकालही लागतो. फक्त शर्यत होत नाही. जो टेपवरून आधी सुटला तो पहिल्या वळणात पुढे, आणि उरलेली सगळी शर्यत मिरवणूक. याचं कारण शेल कुठे आहे त्यात असतं. मागची चाकं आतल्या कडेचा थर उडवत राहतात, आत गुळगुळीत पट्टा तयार होतो आणि मोकळा माल बाहेर कठड्याशी साचतो. बाहेरच्या त्या मालाला पकड असते, म्हणून मागचा रायडर रुंद जाऊन तिथून वेग उचलू शकतो. मात्र त्यासाठी आत-बाहेर दोन्ही रेषा जिवंत हव्यात. ट्रॅक्टरमागच्या फळीने बाहेरचा माल पुन्हा आत ओढला नाही तर आत घसरण, बाहेर ढिगारा. पाणी कमी पडलं तर धूळ आणि काचेसारखा गुळगुळीत ट्रॅक. जास्त झालं तर वळणाच्या मध्यावर चर पडतात, पुढचं चाक त्यात अडकतं आणि गाडी उभी राहते. पाणी दुपारी मुरवायचं असतं, सामन्याआधी अर्धा तास वरवर शिंपडून भागत नाही.

ट्रॅक बिघडला की काय होतं याचा धडा मँचेस्टरच्या नॅशनल स्पीडवे स्टेडियमने पहिल्याच दिवशी दिला. १९ मार्च २०१६ ला उद्घाटनाचा सामना होता, स्टँड भरले होते, आणि पृष्ठभाग शर्यतीच्या लायक नाही म्हणून सगळा कार्यक्रम रद्द करावा लागला. नवं स्टेडियम, नवे दिवे, नव्या खुर्च्या, आणि ज्यासाठी हे सगळं केलं तोच थर बसलेला नाही. नंतर तो सुधारला आणि आज बेल व्ह्यू एसेस या मँचेस्टरच्या क्लबचा हा ट्रॅक ब्रिटनमध्ये ओव्हरटेकिंगसाठी नावाजला जातो. वळणं रुंद आणि कलती असल्याचा तो फायदा आहे. म्हणून प्रत्येक सामन्याच्या निकालाबरोबर ओव्हरटेकची संख्या छापावी. हीटच्या वेळा सगळे छापतात, पण वेगवान वेळ ही बऱ्याचदा घट्ट, रुक्ष ट्रॅकची खूण असते. ओव्हरटेक मोजले की कुठला क्युरेटर मेहनत घेतो आणि कुठला मालक यजमानांना सोयीचा गुळगुळीत ट्रॅक मागतो हे तीन महिन्यांत उघडं पडेल.

पावसाचंही तसंच. दुपारी चारला सामना रद्द झाल्याचं कळतं तेव्हा पाहुण्या गावचे लोक हायवेवर असतात. पोलंडच्या एक्स्ट्रालिगात ट्रॅक झाकायची ताडपत्री ही क्लबची जबाबदारी आहे. ब्रिटनमध्ये खर्चाचं कारण पुढे करतात, पण दोन रद्द सामन्यांत बुडणारं तिकीट, खानपान आणि लोकांचा विश्वास यांची बेरीज कोणी मांडलेली दिसत नाही.

पोलंडचं नाव निघालं की इथे दोन तट पडतात. तोरुनसारख्या शहरात २००९ पासून स्पीडवेसाठीच बांधलेलं मोटोअरेना आहे, नगरपालिका क्लबच्या पाठीशी असतात आणि लीग स्वतंत्र कंपनी चालवते. ब्रिटनने ते जसंच्या तसं उचलावं म्हणणं भाबडेपणाचं. तिथे आठ संघ एकमेकांशी घरी-दारी एकदाच भिडतात, मग बाद फेरी. सामना दुर्मिळ म्हणून मोठा. इथे २०२४ च्या सात संघांच्या लीगमध्ये तोच पाहुणा संघ एका उन्हाळ्यात दोनदा दिसला, कारण भाड्याच्या मैदानावर दर आठवड्याला गल्ला भरल्याशिवाय क्लब जगत नाही. पण देशी पोरांसाठी राखीव जागा हा पोलंडचा नियम उचलण्यासारखा होता आणि २०२१ पासून प्रीमियरशिपने रायझिंग स्टार नावाने त्याची आवृत्ती आणली, हे मान्य करायलाच हवं. गेल्या दहा वर्षांतला तो सर्वांत शहाणा निर्णय. त्याला जोडून सामन्याआधी १२५ आणि २५० सीसीच्या पोरांच्या चार हीट ठेवाव्यात. पूर्वी सामन्यानंतर नवोदितांचा दुसरा भाग असायचाच. तो आधी आणला तर बसायला आलेली कुटुंबं ते बघतीलही.

आता ज्याने लीगचं खरं कंबरडं मोडलं ते: जागा. २०१६ ते २०२१ चे वरच्या लीगचे विजेते ओळीने घ्या. २०१६ वुल्व्हरहॅम्प्टन, २०१७ स्विंडन, २०१८ पूल, २०१९ पुन्हा स्विंडन, २०२० हंगामच झाला नाही, २०२१ पीटरबरो. २०२४ च्या प्रीमियरशिपमध्ये यांच्यापैकी एकही नाही. पूल स्वतःहून खालच्या लीगमध्ये गेला. बाकी तिघांना मैदान उरलं नाही. स्विंडनने २०१९ ला जेतेपद घेतलं आणि ब्लन्सडनच्या त्यांच्या मैदानावर पुन्हा लीगचा सामना झालाच नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोनमोर ग्रीनवर १९२८ मध्ये पहिल्यांदा स्पीडवे झाली होती. स्टेडियम ग्रेहाउंड शर्यतींच्या मालकाचं, त्यांनी २०२३ नंतर करार वाढवला नाही, विषय संपला. पीटरबरोचंही शेवटचं वर्ष तेच. विजेतेपदाने जिथे पुढच्या हंगामाची हमी मिळत नाही तिथे सीझन तिकीट कुठल्या भरवशावर घ्यायचं?

त्यात आशेची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही लोकांनी चिकाटी धरल्यामुळे घडली. ऑक्सफर्डला २००७ नंतर स्पीडवे बंद होती. २०२२ मध्ये तिथला चीताज संघ परतला. कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन स्टेडियमवर २०१६ नंतर शर्यत नाही, मैदानाची दुर्दशा झाली, पण घरं बांधायचा प्रस्ताव आधी रग्बी या गावाच्या कौन्सिलने आणि मग अपिलातही फेटाळला गेला. इंग्लंडच्या नियोजन धोरणानुसार खेळाची जागा आता गरजेची नाही हे दाखवल्याशिवाय किंवा तोडीस तोड पर्यायी जागा दिल्याशिवाय तिच्यावर इमारती उभ्या करता येत नाहीत. तेव्हा प्रत्येक समर्थक मंडळाने आपलं स्टेडियम, क्लब चांगला चालू असतानाच, २०११ च्या लोकलिझम कायद्याखाली सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंदवून घ्यावं. नोंद झालेली जागा विकायला काढली तर लोकांना बोली लावायला सहा महिन्यांची मुदत मागता येते. अर्ज, हद्दीचा नकाशा आणि वापराचा पुरावा लागतो, शुल्क नाही. मालक करार संपवतो तेव्हा मात्र याने काही होत नाही, म्हणून लीगनेही दहा वर्षांपेक्षा कमी भाडेकरार असलेल्या क्लबला वरच्या लीगचा परवाना देताना विचार करावा.

हे सगळं ठरवायचं कोणी? आज नियम ठरवतात ते प्रोमोटर, म्हणजे क्लबचे मालकच, हंगाम संपला की बंद खोलीत बसून. ज्याचा नंबर एकचा रायडर जातोय तो मर्यादा वाढवायला मत देणार, ज्याच्याकडे पैसा नाही तो कमी करायला. म्हणून नियम दरवर्षी बदलतात आणि प्रेक्षकाला मार्चमध्ये पुन्हा शाळेत बसावं लागतं. १९६५ मध्ये लॉर्ड शॉक्रॉस यांच्या बाहेरच्या चौकशीनंतरच भांडणाऱ्या दोन लीगची एक ब्रिटिश लीग झाली होती. आज पुन्हा तसाच बाहेरचा माणूस बसवावा आणि त्याने ठरवलेले नियम तीन वर्षं गोठवावेत. १९ फेब्रुवारी १९२८ ला हाय बीचवर झालेल्या, ब्रिटनमधली पहिली मानल्या जाणाऱ्या स्पीडवे शर्यतीला २०२८ मध्ये शंभर वर्षं होतात. एवढी ठळक मुदत लीगला पुन्हा मिळणार नाही.

ज्यांना आत्ता जायचं आहे त्यांच्यासाठी: पहिल्यांदा मँचेस्टरच निवडा. शेफील्डचा आउलर्टन ट्रॅक लांब आणि वेगवान आहे, तिथला थरार वेगळा, पण डाव कळायला बेल व्ह्यू बरा. पहिल्या दोन हीट पहिल्या वळणाशी उभं राहून बघा, मग स्टार्टच्या रेषेसमोरच्या स्टँडमध्ये बसा; तिथून क्लच सोडताना कोण आधी हलतो ते कळतं. कार्यक्रमपत्रिका आणि पेन घ्या, गुण हाताने भरल्याशिवाय रंगत येत नाही. पांढरे कपडे घालू नका. पूर्वी इंजिनात एरंडेलाचं तेल जळायचं आणि त्या वासावरच लोक जीव टाकायचे. आता बहुतेकांकडे सिंथेटिक तेल असतं, तेव्हा त्या आठवणी सांगणारा शेजारी भेटला तर ऐकून घ्या. सामन्याच्या दिवशी दुपारी क्लबचं पान बघूनच निघा. सीझन तिकीट घ्यायचं असेल तर एकच गोष्ट आधी लेखी विचारा: क्लबने हंगामाच्या मध्येच गाशा गुंडाळला तर उरलेल्या सामन्यांचे पैसे कोण परत देणार? राय हाउसने २०१८ मध्ये आणि ईस्टबोर्नने २०२१ मध्ये हंगाम अर्धवट सोडला होता.